खजरान्याचे बाफले

* खजराना : इंदूरच्या पूर्वेकडची जुनी वस्ती. इथले गणेश मंदिर अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेले आहे. नाहर शाह वलींचा दर्गाही इथलाच. दर्शनानंतर घरच्या सगळ्यांनी परवडणाऱ्या भोजनालयात दाल-बाफल्यांना बसावे, हा इंदुरी मराठी कुटुंबांना मनापासून आवडणारा बेत. बाफले माळव्याचे. कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवतात, मग गोवऱ्यांच्या आचेवर किंवा भट्टीत भाजतात, आणि फोडून तुपात बुडवतात. बाटीपेक्षा ते मऊ लागतात ते या उकडण्यामुळेच. सोबत डाळ, कढी, हिरवी चटणी, लाडू. मराठी माणसे इथे अठराव्या शतकात होळकरांच्या फौजेबरोबर आणि दफ्तराबरोबर आली. १८१८च्या मंदसोर तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. सणाची पुरणपोळी घरात टिकली, तिच्या शेजारी बाफले आले. स्वयंपाकांची अशी सरमिसळ दुसरीकडेही झाली: मलाक्का-पेनांगकडे चिनी व्यापारी आणि स्थानिक घराणी यांच्या सोयरिकींतून पेरानाकन स्वयंपाक घडला. माळव्यात सरमिसळीचे ते काम मुख्यतः शेजाराने केले. लेखिकेने दाल-बाफल्यांच्या या जेवणाचे वर्णन माहेरच्या पदार्थांच्या प्रकरणात घातले आहे. ते तिथेच शोभते, म्हणून या आवृत्तीत जागा बदललेली नाही. – संपादक