बातमी चुकली की गिअर चुकतो

ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटका देऊ लागली, किंवा इंजिनाचा आवाज चढत गेला तरी गाडी वेग घेईना, की मालकाचा पहिला समज होतो तो गिअरबॉक्स गेल्याचा. पुष्कळदा गॅरेजमध्येही बोलणे थेट गिअरबॉक्स उतरवण्यावर, नाहीतर नवा बसवण्यावर येते. या यंत्राचा ऐंशीहून अधिक वर्षांचा इतिहास वेगळी साक्ष देतो. गिअर बदलणे हा एक निर्णय आहे. गाडीचा वेग किती आणि इंजिनावर भार किती, या दोन बातम्यांवर तो घेतला जातो आणि तेलाच्या दाबाने अमलात येतो. आतले क्लच झिजतात, जळतात, हे खरेच. पण कितीतरी वेळा ते बिघाडाचे मूळ नसतात, बळी असतात. चुकते ती त्यांच्यापर्यंत पोचलेली बातमी, किंवा ती वाहून नेणारे तेल. म्हणून शोध बाहेरून आत न्यायचा, आणि तो क्रम पाळणे हेच या धंद्याने कमावलेले सर्वांत मोलाचे ज्ञान आहे, असे मला वाटते.

जुन्या मोटारीत हा निर्णय चालकाचा होता. इंजिनाचा आवाज कानाला, चढाचा ताण पायाला आणि दात्यांची कुरकुर हाताला कळायची. गिअर चुकला तर का चुकला, हेही त्यालाच ठाऊक असायचे. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्पसन यांनी हे ओझे दोन टप्प्यांत हलके केले. त्यांची सिंक्रोमेश रचना १९२८ मध्ये कॅडिलॅकमध्ये आली आणि गिअर टाकताना होणारी खरखर थांबली. त्यांच्याच नेतृत्वाखाली घडलेली हायड्रा-मॅटिक १९४० सालच्या ओल्ड्समोबिलमध्ये ५७ डॉलर जादा देऊन मिळू लागली. तिच्यात दोन जुन्या कल्पना एकत्र आल्या होत्या. पहिली म्हणजे हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने जहाजांच्या टर्बाइनसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधलेली, द्रवामार्फत शक्ती पोचवण्याची युक्ती, आणि दुसरी म्हणजे मध्यचाकाभोवती फिरणारी ग्रहमालेसारखी चाके. नवे होते ते निर्णयाचे यंत्र. गाडीच्या वेगाबरोबर गव्हर्नर नावाचा भाग तेलाचा दाब वाढवत नेई. अ‍ॅक्सिलरेटरशी जोडलेली झडप भाराप्रमाणे दुसरा दाब तयार करी. हे दोन दाब एका छोट्या झडपेच्या दोन टोकांना भिडत. वेगाचा दाब भारी पडला की वरचा गिअर पडे, भाराचा दाब भारी पडला की खालचा. दुसऱ्या महायुद्धात हीच रचना अमेरिकेच्या हलक्या एम-५ रणगाड्यांत वापरली गेली, आणि नव्या सैनिकाला गिअर शिकवण्याचा वेळ त्यामुळे वाचत होता.

सोय आली, पण चालकाला असलेली जाण त्याच्या हातातून निघून बंद पेटीत गेली. बिघाड शोधण्याची शिस्त जन्मली ती इथे. पुढच्या दोन दशकांत अमेरिकेतील निम्म्याहून अधिक नव्या गाड्या ऑटोमॅटिक झाल्या, १९५४ मध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत एक ठरलेला क्रम स्थिरावला. आधी तेल पाहायचे: पातळी, रंग, वास. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, हवा दाबली जाते, दाब पडतो आणि क्लच घसरतो. मग बाहेरची जोडणी: तारा, नळ्या, लिव्हर. मग रस्त्यावर चाचणी, म्हणजे कोणता गिअर किती वेगाला आणि किती अ‍ॅक्सिलरेटरवर पडतो याची नोंद. मग गेज लावून तेलाचा दाब. शेवटी स्टॉल टेस्ट: ब्रेक घट्ट दाबून, गिअर टाकून, जेमतेम पाच सेकंद पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि इंजिनाचे फेरे मोजायचे. फेरे नेमून दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त झाले तर आतला क्लच घसरतो आहे. कमी झाले तर इंजिनच अशक्त आहे किंवा इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोष आहे. एवढे करूनही बोट आतल्या भागाकडे वळले तर कोणत्या गिअरमध्ये कोणता क्लच धरतो याचा तक्ता असे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी घसरते, पहिल्यात नाही, तर त्या दोन्हींत कामाला येणारा आणि पहिल्यात मोकळा असणारा भाग कोणता, एवढाच प्रश्न उरे. पेटी न उघडता आतले कळण्याची ही रीत वैद्याच्या नाडीपरीक्षेपेक्षा गणिताच्या जवळची आहे.

या क्रमाचे मोल १९६४ च्या टर्बो हायड्रा-मॅटिक ४०० मध्ये स्पष्ट दिसते. तिथे भाराची बातमी रबरी नळीतून येणाऱ्या इंजिनाच्या निर्वाताने मिळे. अ‍ॅक्सिलरेटर हलका असताना निर्वात जास्त, जोरात दाबल्यावर कमी. ती नळी तडकली किंवा निसटली की गिअरबॉक्सची समजूत होई की गाडी पूर्ण भाराने चढ चढते आहे. मग गिअर उशिरा आणि दणका देऊन पडत. नळीच्या टोकाला हा निर्वात झेलणाऱ्या मॉड्युलेटर नावाच्या भागाचा पडदा फाटला तर इंजिन नळीवाटे गिअरबॉक्सचे तेलच ओढून जाळी आणि मागून पांढरा धूर निघे. म्हणजे गिअरबॉक्सचे दुखणे धुराड्यात दिसे आणि इंजिनाचे दुखणे गिअरबॉक्समध्ये. क्रम न पाळणारा माणूस दोन्हीकडे फसणार. १९८२ मध्ये आलेल्या ७००-आर-४ या गिअरबॉक्समध्ये हेच काम अ‍ॅक्सिलरेटरशी जोडलेल्या एका तारेकडे होते. ती सैल राहिली की तेलाचा दाब कमी पडे, क्लच अर्धवट धरत आणि थोड्याच दिवसांत जळून जात. असा गिअरबॉक्स उघडल्यावर जळालेला क्लच सापडतोच, आणि तो बदलल्याचे समाधानही मिळते. पण तार तशीच राहिली तर नवा क्लचही त्याच वाटेने जातो.

तेलाची गोष्ट याहून बोलकी आहे. हे तेल नुसते वंगण नाही. ते दाब वाहते, उष्णता बाहेर नेते आणि क्लचच्या चकत्या किती हळुवार किंवा किती चटकन धरतील हेही तेच ठरवते. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये टाइप-ए या नावाने त्याचे पहिले प्रमाण ठरवले. पकड मऊ राहावी म्हणून त्या काळच्या तेलात स्पर्म व्हेलची चरबी मिसळत. व्हेलच्या संरक्षणासाठी अमेरिकेने १९७० च्या सुमारास त्या चरबीवर बंदी घातली, तेव्हा रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला आणि १९७३ मध्ये डेक्सरॉन-२ हे तेल आले. त्याच्या सुरुवातीच्या मिश्रणाने ऑइल कूलरमधल्या डाखाला गंज चढू लागल्याने ते पुन्हा सुधारावे लागले. एका समुद्री प्राण्याला अभय मिळाल्यावर गॅरेजमधल्या माणसाला आपले अंदाज नव्याने बांधावे लागले.

इथे पहिला आक्षेप येतो. हा सारा इतिहास झडपा आणि नळ्यांचा, आता संगणक आहे, स्कॅनर लावला की बिघाड समोर येतो, मग या जुन्या क्रमाचे काय काम? याचे उत्तर संगणकाच्याच इतिहासात आहे. क्रायस्लरने १९८९ च्या गाड्यांत अल्ट्राड्राइव्ह ए-६०४ हा पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा चार-गती गिअरबॉक्स आणला. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या दांड्याचे फेरे सेन्सर मोजत आणि झीज झाली तसा संगणक तेलाचा हिशेब बदलत जाई. हिशेब जुळला नाही की गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकवून घरापुरती चालू ठेवली जाई. त्या गिअरबॉक्सची पुष्कळ बदनामी झाली. त्याच्या रचनेत सुरुवातीला खरे दोष होते, हे मान्यच करायला हवे. पण त्यासोबतच खराब सेन्सर आणि सवयीने ओतलेले डेक्सरॉन हीदेखील मोठी कारणे होती, कारण या पेटीला वेगळ्या पकडीचे, खास नेमून दिलेले तेल लागत होते. बातमी आणि तेल, दुखणी तीच. फक्त नळीच्या जागी वायर आली होती.

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना सारख्या भाषेत दोष सांगण्याची सक्ती झाली. पण ती भाषा काय सांगते ते पाहावे. पी ०७०० हा संकेत गिअरबॉक्सच्या नियंत्रणात कुठेतरी दोष आहे एवढेच म्हणतो. पी ०७३० म्हणतो की फेऱ्यांचे गुणोत्तर गिअरशी जुळत नाही. ते क्लच घसरल्याने जुळत नाही, तेल कमी असल्याने की सेन्सरची वायर उंदराने कुरतडल्याने, हे तो सांगत नाही. सोलेनॉइडचा, म्हणजे तेलाची वाट उघडणाऱ्या विद्युत झडपेचा, संकेत आला म्हणून सोलेनॉइड बदलायचा आणि गंजलेला कनेक्टर तसाच ठेवायचा, ही जुनीच चूक नव्या साधनाने होते. स्कॅनर साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. त्याची साक्ष फार मोलाची आहे, पण ती उलटतपासणीनंतरच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शोधायला तास लागतात आणि ग्राहक तासांचे पैसे देत नाही. तयार गिअरबॉक्स बसवला तर वॉरंटी देता येते आणि गाडी लवकर मोकळी होते. शिवाय आजच्या अनेक पेट्यांना डिपस्टिकच नाही. आतला भाग खरोखर संपला असेल तर पेटी बदलणेच शहाणपणाचे, यात दुमत नाही. पण बदलल्याने कारण जात नाही. जुन्या क्लचचा चुरा कूलरमध्ये बसलेला असेल तर तो नव्या पेटीत उतरतो. चुकीची बातमी देणारा सेन्सर नव्या पेटीलाही तीच बातमी देतो. डिपस्टिक नसली तरी ठरावीक तापमानाला प्लग उघडून पातळी पाहण्याची पद्धत कंपनीने दिलेली असते. शोधाचा तास हा खर्च आहे, पण तो वगळला तर ग्राहक त्याची किंमत दुसऱ्या गिअरबॉक्सच्या रूपाने मोजतो.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर हा प्रश्न आज अधिकच निकडीचा आहे. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओने एएमटी स्वस्त गाडीत आणली आणि ऑटोमॅटिक हा शब्द घरोघरी पोचला. पण या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रे आहेत: टॉर्क कन्व्हर्टर, ठरावीक गिअरांविना गुणोत्तर बदलणारी सीव्हीटी, दोन क्लचची डीसीटी आणि एएमटी. एएमटी म्हणजे साधा हाताचा गिअरबॉक्स आणि कोरडा क्लच. फक्त पाय आणि हात यंत्राचे. बोर घाटातल्या कोंडीत ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर तो क्लच तापतो आणि झटके सुरू होतात. टॉर्क कन्व्हर्टरसाठी घडलेली स्टॉल टेस्ट इथे लावणे म्हणजे त्याच क्लचला जाळणे. म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘हे यंत्र कोणते’ हा आहे. डीसीटीचेच पाहा. चाकणला बनलेल्या पोलो जीटीमधून मराठी ग्राहकाला परिचित झालेल्या सात-गती डीएसजी या डीसीटी प्रकाराच्या सुमारे १६ लाख गाड्या फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातून परत बोलावल्या. उष्ण आणि दमट हवेत त्यातले सिंथेटिक तेल विजेच्या भागांत शॉर्टसर्किट करू शकत होते. उपाय ठरला तो खनिज तेलाचा. सर्वांत आधुनिक पेटीचा दोषही शेवटी तेलापाशी आणि बातमीच्या वायरीपाशीच येऊन थांबला.

यंत्रे बदलली, तशी बातमीची वाट बदलली: तेलाचा दाब, रबरी नळी, तार, वायर. बदलले नाही ते एवढेच की निर्णय बातमीपेक्षा बरा असू शकत नाही. आज ज्या तरुणांना हा धंदा शिकायचा आहे, त्यांना पेटी उघडण्याआधी तिला काय सांगितले जात होते हे विचारायला शिकवले, तर कितीतरी चांगले गिअरबॉक्स भंगारात जाण्यापासून वाचतील आणि कितीतरी कुटुंबांचे कष्टाचे पैसेही.