नहर-ए-अंबरी: चारशे वर्षांपूर्वीची सिस्टीम का टिकली, आणि का मोडली?

आजचा भाग कोड लिहिणाऱ्यांसाठी आहे, आणि नळाला पाणी कधी येणार याची वाट बघणाऱ्यांसाठीही. म्हणजे आपल्या संभाजीनगरात जवळजवळ सगळ्यांसाठीच!

१९६८ साली जर्मनीतल्या गार्मिशमध्ये नाटोने एक परिषद भरवली. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द तिथून रुळला. प्रोग्रॅम मोठे होत होते, वेळेत संपत नव्हते आणि मधेच कोसळत होते. पूल, धरणं बांधणाऱ्यांची शिस्त इथे कशी आणायची, हा तिथला प्रश्न होता. त्याचं एक उत्तर आपल्या पायाखाली आहे.

मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला माणूस. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच आपलं शहर. नाव खडकी, आणि जमीनही तशीच. मग पाणी आणायचं कुठून? उत्तरेच्या डोंगरांत मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीतून शहरात आणलं गेलं. १६१७-१८ च्या सुमारास नहर-ए-अंबरी वाहती झाली.

आता तिची रचना बघा. पहिली गोष्ट, पाणी फक्त उताराने येतं. मोट नाही, पंप नाही. जितके भाग कमी, तितकं बिघडायला कमी. दुसरी, ठरावीक अंतरावर मॅनहोल. आत उतरा, गाळ काढा, अडलंय कुठे ते बघा. आज आपण लॉग आणि मॉनिटरिंग म्हणतो, ते हेच की! तिसरी, वाटेत दगडी मनोरे. तिथे पाण्याचा दाब आटोक्यात येतो, कोंडलेली हवा निघून जाते, म्हणून पुढचे खापरी नळ फुटत नाहीत. एका ठिकाणचा ताण सगळ्या सिस्टीमवर जाऊ द्यायचा नाही. चौथी, जोडायला सोपं. पुढे शहर वाढलं तशा नव्या नहरी झाल्या. पाणचक्कीला तर डोंगरातून आलेल्या पाण्यावर बाबा शाह मुसाफिर दर्ग्याच्या यात्रेकरूंसाठी धान्य दळलं जायचं. तिथल्या मोठ्या हौदाखाली चक्क दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत!

अंबर १६२६ मध्ये वारला. निजामशाही बुडाली, मुघल आले, निजाम आले, शहराचं नाव बदलत गेलं. पाणी मात्र वाहत राहिलं. बनवणारा गेल्यावरही चालते, ती खरी सिस्टीम.

मग मोडली कशी? इथे थांबून ऐका. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ रॉकेट उडाल्यावर चाळीसेक सेकंदांत फुटलं. त्यातला एक कोड एरियन ४ वरून जसाच्या तसा घेतला होता. जुन्या रॉकेटवर तो बरोबर चालायचा. नव्याचा वेग जास्त होता, आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही. कोड तोच होता, भोवतालचं जग बदललं होतं.

नहरीचंही तेच झालं. डोंगरात पाणी मुरेल आणि वरची जमीन मोकळी राहील, हे तिने गृहीत धरलं होतं. आपण वर इमारती उभ्या केल्या, पाया खोदताना नहरी फोडल्या, मॅनहोल बुजवले. जायकवाडीचं पाणी आलं आणि गाळ काढायची सवय गेली. आता शहर उंचावर, धरण खाली. पंप थांबला की पाणी थांबतं. जुनी सिस्टीम बंद करण्याआधी ती नेमकं काय काम करत होती, हे कुणी तरी लिहून ठेवायला हवं होतं.

म्हणून ऑफिसात कुणी जुना कोड सरळ ‘उडवून टाक’ म्हणालं, तर आधी विचारा: यातून पाणी कुणाकडे जातंय?

आणि या रविवारी पाणचक्कीला जाऊन या. पाणी वर कसं चढतं, तेवढं नीट बघा. भेटूया पुढच्या भागात!