बिम आणि करारातील अटी : सुरतच्या निमित्ताने

सुरत मेट्रोच्या सरथाणा ते ड्रीम सिटी या मार्गिकेचा कापोद्रा ते चौक बाजार हा ६.४७ किलोमीटरचा भाग भुयारी आहे. माथ्यावर दाट वस्तीचे जुने शहर आणि रेल्वे स्थानक. अशा कामात स्थापत्य, वीज, वायुवीजन व अग्निशमन यांचे आराखडे निरनिराळे अभियंते करतात. हवेची वाहिनी नेमकी तुळईतून जात असल्याचे सुट्या कागदांवर सहज लक्षात येत नाही. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजेच बिम, या पद्धतीत हे सारे एकाच त्रिमितीय प्रतिमानात आणून अशी टक्कर आधीच शोधली जाते. नागपूर मेट्रोने त्याला वेळापत्रक आणि खर्चाचीही जोड दिली.

भारतात सर्व बांधकामांना बिम सक्तीचे करणारा कायदा नाही. ठेकेदार बांधला जातो तो करारातील शब्दांनी. ‘बिमचा वापर करावा’ एवढ्या वाक्याने काहीच साधत नाही. आयएसओ १९६५० या मानकानुसार कोणती माहिती, कोणत्या टप्प्यावर, किती तपशिलाने हवी हे मालकाने आधी लिहून द्यायचे असते. ठेकेदाराने तिच्या पूर्ततेची योजना सादर करायची असते. प्रतिमान आणि सहीशिक्क्याचा आराखडा यांत तफावत आढळल्यास ग्राह्य काय, हेही करारातच ठरावे.

सर्व फाइली ज्या सामायिक संगणकीय कोठारात असतात, त्याची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न त्याहून नाजूक. फॉकलंड बेटांवरील वीजकेंद्राच्या कामात शुल्कावरून वाद झाला आणि सल्लागार कंपनीने ठेकेदाराचे पासवर्ड रद्द केले. २०१७ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने, ठेकेदाराने रक्कम न्यायालयात जमा करण्याच्या अटीवर, प्रवेश पुन्हा खुला करण्याचा अंतरिम आदेश दिला.

स्वामित्वाबाबत भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ सर्वांना सारखा लागू होत नाही. सार्वजनिक उपक्रमाच्या नियंत्रणाखाली झालेल्या कृतीचे प्रथम स्वामित्व, उलट करार नसल्यास, त्या उपक्रमाकडेच जाते. याच मार्गिकेच्या टोकाला, ड्रीम सिटीत, बांधकाम करणाऱ्या खासगी विकासकाला ही सोय नाही. त्याला बाहेरच्या वास्तुविशारदाकडून हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात, आणि त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांचीच मानली जाते. डागडुजीची खरी गरज बहुधा त्यानंतरच सुरू होते.