राजकालुवे कोणाचे? : बंगळूरच्या पाणी-मलनिस्सारण एकीकरणाचा इतिहास

नगराचे पिण्याचे पाणी आणि त्याचे सांडपाणी यांचा कारभार एका संस्थेकडे असावा की दोन, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा आणि हिशेबनिसांचा आहे. बंगळूरच्या बाबतीत मात्र तो शब्दांचा आणि सत्ताकल्पनेचाही प्रश्न ठरतो. 1964 च्या अधिनियमाने या नगरासाठी पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांचे एकच वैधानिक मंडळ निर्माण केले. त्याचे कन्नड नाव ‘बेंगळूरु नीरु सरबराजु मत्तु ओळचरंडि मंडळि’. यातील ‘सरबराजु’ हा मूळच्या फार्सी शब्दाचा अवतार असून आपली ‘सरबराई’ त्याचीच बहीण होय. कन्नडने या शब्दाचा पुरवठ्याचा अर्थ राखला, तर मराठीत त्याला पाहुणचाराची ऊब आली. ‘ओळचरंडि’ म्हणजे आतले, दृष्टीआडचे गटार. दारी येणारे आणि घरातून लपवून न्यायचे असे दोन प्रवाह ‘मत्तु’ या एका उभयान्वयी अव्ययाने जोडले गेले. या जोडणीत काय आले आणि काय वगळले गेले, हे पाहणे येथे महत्त्वाचे आहे.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीच्या कण्यावर वसलेले आहे. त्याला बारमाही नदी नाही. पडलेले पाणी पश्चिमेस अर्कावतीमार्गे कावेरीकडे आणि पूर्वेस दक्षिण पिनाकिनीकडे उतरते. केंपेगौडाने 1537 मध्ये वसविलेले हे नगर म्हणूनच तलावांच्या, म्हणजे ‘केरे’च्या, आधारावर वाढले. 1638 नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या येथील बहुभाषिक दरबाराचे चित्र मराठी अभ्यासकांना जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’तून परिचित आहे. एका तलावाची कोडी, म्हणजे सांडवा, भरून वाहू लागली की पाणी कालुव्याने खालच्या तलावात जाई. मुख्य प्रवाहाला ‘राजकालुवे’ म्हणत. पाणी सोडणारा ‘नीरगंटी’ हा आपल्याकडील पाटकऱ्याचा सगोत्र. वरच्या तलावाचे जाणारे पाणी तेच खालच्याचे येणारे पाणी असल्यामुळे या व्यवस्थेत पुरवठा आणि निचरा असा भेदच नव्हता. तथापि या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट सोयीने विसरली जाते. मानवी मैला या साखळीत वाहत नव्हता. तो विशिष्ट जातींच्या माणसांच्या डोक्यावरून वाहून नेला जाई. नीरगंटीचे नाव परंपरेच्या आठवणीत राहिले, मैला वाहणाऱ्याचे राहिले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी आली आणि एका नगराची दोन झाली. 1890 च्या दशकात हेसरघट्टा येथून अर्कावतीचे पाणी नळाने येऊ लागले. 1898 मध्ये प्लेगने आरोग्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय तयार झाला. नळ दूरवरून आल्याने जवळचे तलाव निरुपयोगी ठरले. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मध्यवर्ती बसस्थानक आहे, तर संपंगी तलावाच्या पात्रात कंठीरव क्रीडागार. 1949 मध्ये शहर व छावणी यांची एक महानगरपालिका झाली, आणि पंधरा वर्षांनी पाणी व मैला तिच्या हातून काढून मंडळाकडे सोपविण्यात आले.

एकीकरणाच्या बाजूने असलेला युक्तिवाद साधा पण भक्कम आहे. नळाने आणलेला प्रत्येक घडा थोड्याच वेळात सांडपाणी होतो. म्हणून जो किती पाणी आणायचे हे ठरवितो, त्यालाच ते कोठे सोडायचे याचा जाब देता आला पाहिजे. शिवाय मलनिस्सारणासाठी कोणी खुशीने पैसे देत नाही, पाण्याच्या देयकावरच तो भार टाकावा लागतो. लंडनमध्ये गटारांसाठी 1855 मध्ये आणि पाण्यासाठी 1903 मध्ये निरनिराळी महामंडळे आली. दोन्ही कामे प्रादेशिक जलप्राधिकरणाकडे एकत्र येण्यास 1974 उजाडले. बंगळूर त्याच्या दहा वर्षे पुढे होते. मद्रासने 1978 मध्ये व हैदराबादने 1989 मध्ये तशीच मंडळे निर्माण केली. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने राज्यव्यापी मंडळ आले, पण मुंबई-पुण्याने दोन्ही कामे महानगरपालिकेच्या छत्राखालीच ठेवली. म्हणजे एकीकरणाचे दोन मार्ग होते. बंगळूरचा मार्ग या दोन सेवांना निवडून आलेल्या नगरसंस्थेपासून तोडणारा होता.

या वियोगाचा अर्थ 1978 च्या एका निकालात अनपेक्षितपणे उघड झाला. दंड वसूल झालेल्या काही कर्मचाऱ्यांनी औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली, तेव्हा मंडळाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत असे प्रतिपादले की नागरिकांना मूलभूत सुविधा पुरविणे हे स्वरूपतः राजकार्य आहे, त्यामुळे मंडळ हा ‘उद्योग’ नव्हे. न्या. कृष्ण अय्यर यांचा समावेश असलेल्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने हे म्हणणे अमान्य केले. भारतीय कामगारकायद्यात हा खटला कायमचा गाजला. साहित्याच्या अभ्यासकाला त्यातील विपर्यास अधिक बोलका वाटेल. राजकार्याचा दावा करणाऱ्या मंडळाकडे राजकालुवे मात्र नव्हतेच. पावसाळी पाण्याचे ते मार्ग महानगरपालिकेकडेच राहिले आणि तलाव वेगवेगळ्या खात्यांत वाटले गेले. एकत्र आल्या त्या दोन नळवाहिन्या. पाऊस बाहेरच राहिला.

याचे परिणाम किरकोळ नाहीत. 1974 पासून टप्प्याटप्प्याने कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून आणि सुमारे 500 मीटर उंच चढवून आणले गेले. 2024 मध्ये पाचव्या टप्प्याने त्यात दररोज 77.5 कोटी लिटरची भर पडली. वाढत्या सांडपाण्याने, जेथे गटारे पोहोचली नव्हती तेथे, राजकालुव्याचा रस्ता धरला. बेळ्ळंदूर तलावावर 2015 मध्ये फेस उसळला, 2017 मध्ये आग भडकली. कोणाचे पाणी, कोणाचा कालवा, कोणाचा तलाव, या वादात उत्तरदायित्व विरघळून गेले.

उलट, दूरच्या एका हिशेबात मैला व पाणी एकच मानले गेले. कावेरी लवादाने 2007 मध्ये पिण्याच्या पाण्यापैकी फक्त एक-पंचमांश खर्ची पडते, उरलेले खोऱ्यात परत येते, असे गृहीत धरले आणि कावेरी खोऱ्यात येणाऱ्या एक-तृतीयांश बंगळूरचाच विचार केला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुसरी मर्यादा अमान्य करून नगरासाठी 4.75 अब्ज घनफूट पाणी वाढवून दिले. कण्याच्या पूर्वेस उतरणारे सांडपाणी तर कावेरीत परततच नाही. नगराच्या गटाराची दिशा अशी दोन राज्यांच्या तंट्याचा विषय झाली.

2025 मध्ये बृहत् बंगळूर महानगरपालिका विसर्जित होऊन तिच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. पाणी-मलनिस्सारण मंडळ मात्र अखंड राहिले. ‘पावसाचे काय?’ हा प्रश्न त्यामुळे अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे. दरम्यान 2018 पासून पूर्वेकडील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलारच्या कोरड्या तलावांत सोडले जात आहे. त्यावर केवळ द्वितीय स्तराचीच प्रक्रिया होते, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो न्यायालयातही गेला. ती योजना लघु पाटबंधारे खात्याने राबविली. मंडळ पाणी देते, खाते ते वाहून नेते, आणि लक्ष्मीसागर तलाव भरला की ते कोडीवरून पुढच्या तलावात उतरते.