चौकड्यांचा कोट

आमच्या घरी लोकसत्ता यायचा आणि टाइम्सही. लोकसत्ता बातम्यांसाठी, टाइम्स मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं. इंग्रजी कुणाचं किती सुधारलं ते सोडा. टाइम्स दारात पडला की घरातल्या प्रत्येकाची नजर पहिल्या पानावरच्या व्यंगचित्राच्या त्या छोट्या चौकोनावर जायची आणि आजोबांनी खालची ओळ मराठीत सांगितल्याशिवाय चहाचे कप उचलले जात नसत.

आजोबा बोरीबंदरला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. मामाआजोबा, म्हणजे आजीचे धाकटे भाऊ, फोर्टात विम्याच्या हापिसात. रविवारी गिरगावातल्या आमच्या खोलीत दोघं समोरासमोर बसले की वाद ठरलेला : लक्ष्मण मोठा की ठाकरे? वादाला तोड निघू नये याची दोघंही काळजी घ्यायचे. आम्हा मुलांना मुंबईच्या व्यंगचित्रांचा इतिहास या भांडणातूनच कळला, तोही उलटसुलट.

तो जुळवून सांगायचा तर असा. लक्ष्मण म्हणजे म्हैसूरच्या हेडमास्तरांचं शेंडेफळ, कादंबरीकार आर. के. नारायण यांचा धाकटा भाऊ. लहानपणी जमीन, भिंती, दारं, जिथे हात पोचेल तिथे चित्रं काढणारा. 'हिंदू' या दैनिकात छापून येणारी डेव्हिड लो या ब्रिटनमधल्या व्यंगचित्रकाराची चित्रं तो तासन्‌तास बघत बसायचा आणि खालची सही 'काऊ' अशी वाचायचा. मोठा झाल्यावर त्याने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे अर्ज केला. तिथून उत्तर आलं की प्रवेश द्यावा इतपत गुण तुमच्या चित्रांत दिसत नाहीत. लक्ष्मण म्हैसूरलाच बी.ए. झाले, कोरवंजी नावाच्या कन्नड विनोदी मासिकात चित्रं काढली, भावाच्या गोष्टींना हिंदूत रेखाटनं दिली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईला फ्री प्रेस जर्नलमध्ये लागले. बाळ ठाकरे तिथलेच. दोघं सहकारी.

हा भाग आला की मामाआजोबा खुलायचे. "एका छताखाली होते भावोजी, एका छताखाली!" जणू आपणच त्यांना चहा नेऊन देत होतो.

फ्री प्रेसमध्ये लक्ष्मण फार टिकले नाहीत. कम्युनिस्टांवर चित्रं काढू नका, अशी मालकाकडून सूचना आली. हे उठले, बाहेर येऊन व्हिक्टोरियात बसले आणि घोडागाडी टाइम्सच्या दारात उभी केली. आजोबांना या प्रसंगातली गाडी फार आवडायची. नोकरी सोडून निघालेला माणूस पायी किंवा ट्रॅमने जायचा, हा व्हिक्टोरियाने गेला! त्यांच्या स्वतःच्या पस्तीसेक वर्षांच्या नोकरीत साहेबापुढून असं उठण्याची वेळ अनेकदा आली असणार. त्याबद्दल ते बोलत नसत, व्हिक्टोरियाबद्दल मात्र दर दोन-चार महिन्यांनी बोलत.

टाइम्सची इमारत व्हीटी स्टेशनच्या समोर आणि जे. जे. तिथून पाच मिनिटांच्या अंतरावर. ज्या शाळेने नाकारलं तिच्या शेजारी हा माणूस जवळपास पन्नास वर्षं बसून चित्रं काढत होता. पुढे त्याच शाळेने त्यांना पाहुणे म्हणून सन्मानाने बोलावलं, तेव्हा नकाराबद्दल त्यांनी संस्थेचे आभारच मानले म्हणतात. बसने तिथून जाताना आजोबा आम्हाला दोन्ही इमारती बोटाने दाखवत. शाळेत कमी मार्क मिळालेल्या नातवंडाला जरा जास्तच वेळ दाखवत.

'यू सेड इट' हे सदर 1951 मध्ये सुरू झालं. त्याआधी आणि सुरुवातीच्या काळातही लक्ष्मणच्या चित्रांत गर्दी असायची. देश म्हणजे सगळे प्रांत, म्हणून एक बंगाली, एक तमिळ, एक पंजाबी, एक मराठी, प्रत्येकाचं पागोटं वेगळं, धोतर वेगळं, मिशा वेगळ्या. पण वर्तमानपत्राचं घड्याळ कुणासाठी थांबत नाही. सकाळपासून पेपर चाळत, डोकं खाजवत बसायचं, कल्पना सुचायची उशिरा आणि मग हातात उरलेल्या वेळात ब्रश आणि काळ्या शाईने चित्र पुरं करायचं. वेळ अपुरा म्हणून एकेक प्रांत गळत गेला. शेवटी एकच म्हातारा उरला, तोच 'सामान्य माणूस' : टक्कल, कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके, गोल चष्मा, मिशी, धोतर आणि चौकड्यांचा कोट. लक्ष्मण स्वतःच हे गमतीने सांगत. मला मात्र यात मोठी गोष्ट दिसते. भाषावार प्रांतरचनेवरून देश पेटलेला असताना एका व्यंगचित्रकाराने निव्वळ वेळ पुरत नाही म्हणून सगळे प्रांत एका कोटात कोंबले.

मामाआजोबांचं नेमकं इथेच दुखायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते फ्लोरा फाउंटनला होते, गोळीबारात त्यांच्या हापिसातला एक मुलगा जखमी झाला होता. "आम्ही रस्त्यावर ओरडत होतो आणि तुमचा हा म्हातारा काय करत होता? बघत होता! आयुष्यभर नुसता बघतोय. तोंड शिवलंय का त्याचं?" ठाकऱ्यांनी फ्री प्रेस सोडून 13 ऑगस्ट 1960 ला मार्मिक काढला. त्याचा पहिला अंक मामाआजोबांनी कित्येक वर्षं ट्रंकेत जपून ठेवला होता. ठाकऱ्यांची रेषा लो-च्याच घराण्यातली, पण ती अंगावर येते. तिच्यात कुणाला ठोकायचं ते ठरलेलं असतं. मार्मिकमधून सहा वर्षांनी एक संघटनाच उभी राहिली, इतकी त्या रेषेत ताकद होती. हे आजोबाही कबूल करायचे.

पण म्हाताऱ्याचं मौन त्यांना वेगळं दिसायचं. रेल्वेत असताना एका मालचोरीच्या प्रकरणात पोलिसांनी त्यांना पंच म्हणून उभं केलं होतं. पंच बोलत नाही, मारत नाही, सोडवतही नाही. त्याच्या देखत सगळं होतं आणि त्याची सही असल्याखेरीज पंचनामा पुरा होत नाही. "तुझा ठाकरे फिर्यादी आहे," ते मेव्हण्याला सांगत, "हा पंच आहे." खरंच, तो म्हातारा नाही कुठे? मंत्र्यांच्या बैठकीत भिंतीला टेकून, दिल्लीच्या विमानात, दुष्काळी गावात, रेशनच्या रांगेत. त्याला कुणी आत सोडलं हे कुणी विचारत नाही. 'सामान्य माणूस म्हणजे बिचारा' असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मला कधी पटलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर थोडं आश्चर्य असतं, पण भीती क्वचितच.

आजीने या चर्चेत एकदाच तोंड घातलं. "तो गप्प बसतो कारण बोलायला बायको आहे," ती म्हणाली. तिचं निरीक्षण अचूक होतं. चित्रातली ती ठसठशीत बाई महागाईपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना फैलावर घेते.

नेहरूंच्या डोक्यावरची टोपी लक्ष्मणनी उतरवली. तुळतुळीत टक्कल काढलं आणि ते टोपीतल्या नेहरूंपेक्षा जास्त नेहरू वाटायला लागले. 1962 च्या चीनच्या युद्धानंतरच्या एका चित्रावरून आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार, असं त्यांना वाटत होतं. तर खुद्द पंतप्रधानांचा फोन आला : चित्र आवडलं, मोठं करून सही घालून पाठवाल का? ही गोष्ट लक्ष्मण सांगत. आणीबाणीत असे फोन बंद झाले, सेन्सॉर आला. त्या महिन्यांत आजोबा लोकलमध्ये टाइम्स घडी घालूनच धरत आणि चौकोनावर बोलायचं झालं तर घरी येऊन, दार लोटून.

बाकी मानसन्मान आले, 1984 चा मॅगसेसे, 1988 मध्ये टाइम्सच्या दीडशे वर्षांनिमित्त टपालाचं तिकीट, त्याच साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया'. आम्हा मुलांना यापेक्षा गट्टू जवळचा. एशियन पेंट्सच्या डब्यावरचा, हातात ब्रश घेतलेला तो खोडकर पोरगा 1954 मध्ये लक्ष्मणनी काढला. त्याचं नाव स्पर्धेतून ठरलं आणि 500 रुपयांचं बक्षीस दोघा मुंबईकरांत वाटलं गेलं. आपणही नाव पाठवलं होतं, असा मामाआजोबांचा दावा होता. कुठलं, ते मात्र सांगत नसत.

आणि कावळे. लक्ष्मणना कावळ्याचं वेड. राजकारण्यांना कंटाळले की कावळे काढायचे, त्यांची प्रदर्शनंसुद्धा भरली. सर्वपित्रीला गच्चीवर पान ठेवून काकस्पर्शाची वाट बघणाऱ्या आजोबांना याचं कौतुक वाटे. या शहरात कावळ्याकडे कामाशिवाय बघणारा दुसरा माणूस नाही, म्हणत.

लक्ष्मण उतारवयात पुण्याला गेले. 2003 मध्ये पक्षाघात झाला, डावी बाजू गेली, तरी उजवा हात चालत राहिला. 26 जानेवारी 2015 ला ते पुण्यातच गेले. त्याच्या आधीच, 2001 मध्ये, पुण्याला सिम्बायोसिसच्या आवारात त्या म्हाताऱ्याचा पुतळा उभा राहिला. माणसाहून उंच. फोटो पेपरात आला त्या रविवारी मामाआजोबा काठी टेकत जिना चढून आले, ते केवळ एवढं बोलण्यासाठी : "काय भावोजी, झाला ना शेवटी तुमचाही नेता! पुतळा उभारला की संपलं."

आजोबांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

"नेत्याच्या डोक्यावर कावळा बसला तर हार घालायच्या आधी धुवावं लागतं," ते म्हणाले. "ह्याच्या डोक्यावर बसला तर लक्ष्मण खुर्ची टाकून त्याचं चित्र काढत बसेल."