एका मिलिमीटरमध्ये दहा हजार माणसं

वर्तमानपत्रासाठी आलेख काढणं हे माझं रोजचं काम. आलेख विल्यम प्लेफेअरने १७८६ सालीच छापले होते, तरी माझ्या लेखी या कामातला सगळ्यात मोठा माणूस शार्ल मिनारच.

हा फ्रेंच अभियंता. रस्ते-पुलांच्या खात्यातून निवृत्त झालेला. १८६९ साली, वयाच्या ८८व्या वर्षी, त्याने नेपोलियनच्या १८१२च्या रशिया मोहिमेचा नकाशा छापला. त्यात ना सेनापतींची चित्रं, ना तोफा. फक्त एक पट्टा. एक मिलिमीटर जाडी म्हणजे दहा हजार माणसं. नेमन नदीपाशी पट्टा ४ लाख २२ हजारांचा; मॉस्कोत पोचेपर्यंत उरतात १ लाख. परतीचा पट्टा काळा, आणि त्याच्याखाली थंडीचा आलेख. बेरेझिना नदीपाशी ५० हजार होते, पलीकडे २८ हजार. शेवटी १० हजार. मी ही जाडी पट्टीने मोजून पाहिली आहे. बेरेझिनापाशी हात थांबतो. पुढच्याच वर्षी प्रशियाचं सैन्य पॅरिसकडे येऊ लागलं, तेव्हा मिनार बोर्दोला गेला आणि तिथेच वारला.

२०१५ साली नील हॅलोरन याने दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांवर ऑनलाइन चित्रफीत केली. तिथेही माणसांचे आकडेच बोलतात. स्टालिनग्राडची लढाई शिकणाऱ्या मुलांना ती जरूर दाखवा, आणि त्याआधी मिनारचा नकाशा मोठा करून भिंतीवर लावा.