नॅनोचे गुणदोष

१० जानेवारी २००८ रोजीं रतन टाटा यांनीं दिल्लीच्या प्रदर्शनांत जी चिमुकली मोटार लोकांपुढें आणिली, तिची घडण मुख्यतः पुण्यास झाली होती. गिरीश वाघ प्रभृति मंडळींना किंमत आधीं नेमून दिलेली. मोटार तिच्यांत बसवावयाची होती. ‘एक लाख’ हा आंकडा इतका गाजला कीं, यंत्र म्हणून तिची परीक्षा करण्याचें भान फारसें उरलें नाहीं.

ती परीक्षा करावयास धायरी हें ठिकाण फार सोयीचें आहे. एका बाजूस अरुंद गल्ल्या व सिंहगड रस्त्याची दाटी. दुसऱ्या बाजूस मुंबई-बंगळूर हमरस्ता आणि कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा, अपघातांनीं कुप्रसिद्ध झालेला उतार.

गल्लींत नॅनोची बरोबरी करणारी मोटार विरळा. लांबी अवघी ३.१ मीटर, वळावयास चार मीटर त्रिज्या पुरे. इंजिन मागें असल्यामुळें आंत चौघांस ऐसपैस जागा, आणि बैठक उंच म्हणून वृद्धांस चढउतार सुलभ. बाहेरून खेळणें, आंतून दिवाणखाना म्हटलें तर अतिशयोक्ति फार होणार नाहीं!

हमरस्त्यावर मात्र चित्र पालटतें. ६२४ सीसीचें, दोन सिलिंडरांचें इंजिन सुमारें ३५ अश्वशक्तीचें. चौघे बसले असतां चढावर तें धापा टाकतें. २०१४ सालीं ग्लोबल एनकॅपच्या आघात-परीक्षेंत तिला एकही तारा मिळाला नाहीं. त्या वेळीं आल्टो ८०० सारख्या इतर लहान मोटारींचीही तीच गत झाली, हें खरें. स्कूटरवर चौघांनीं बसण्यापेक्षां ती केव्हांही बरी, हेंही खरें. तथापि आमच्या मतें हाच तिचा मुख्य दोष, आणि त्यास काटकसरीची सबब चालावयाची नाहीं.

लोकांनीं तिला नाकारिलें तें मात्र या दोषासाठीं नव्हे. मोटार ही आपल्याकडे पैठणीसारखी, चार जणांनीं पाहावयाची वस्तु. ‘सर्वांत स्वस्त’ अशी ख्याति झालेली पैठणी लग्नांत कोण नेसणार? टाटांनीं स्वतःही पुढें ही चूक बोलून दाखविली. सिंगूरहून २००८ सालीं उठून साणंदास गेलेला कारखाना वर्षाकाठीं अडीच लाख मोटारींसाठीं उभारलेला. विक्री पाऊण लाखावर कधीं गेली नाहीं. सामानासाठीं मागील दार बाहेरून उघडूं लागलें तें २०१५ सालीं. तोंवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं गेलें होतें, आणि २०१८ अखेर उत्पादन थांबलें.